लाखापुढची गाडी

सेकंडहँड गाडी घ्यायची ठरली तेव्हा आमच्या घरात तीन माणसं आणि चार मतं होती. त्यातली दोन एकट्या नवऱ्याची: घ्यायचीच तर नवी घ्यावी, आणि खरं म्हणजे घेऊच नये. माझं म्हणणं साधं होतं. माणकोलीचा पूल झाला होता. डोंबिवलीतल्या आमच्या कोपरहून मोठागावाकडे गेलं की पूल, आणि पूल ओलांडला की ठाणं हाकेच्या अंतरावर आल्यासारखं वाटतं. माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं, काही दिवस तिथे जाऊन तोंड दाखवावं लागतं. तेवढ्यासाठी गाडी हवी, आणि नवी घेण्याइतकी ऐपत नाही, म्हणून जुनी. यात एवढी चर्चा करण्यासारखं काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

चौथं मत सासऱ्यांचं. त्यांना मी बाबाच म्हणते. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. बाबांनी उभं आयुष्य वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काढलं. फिरत्या यंत्रावर लोखंडाचा दांडा लावायचा आणि त्यातून हवा तो भाग कातून काढायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर त्यांना घर खायला उठत होतं. ते म्हणाले, "मशीन जुनं असतं म्हणून वाईट नसतं. ज्याला कोणी हात लावत नाही ते मशीन वाईट. गाडी घ्या, मी बघतो तिच्याकडे." मग नवरा गप्प बसला. बाबा स्वतःहून काहीतरी करायला निघालेत, हे त्याला गाडीपेक्षा मोठं वाटलं असणार.

गाडी मिळाली ती करड्या रंगाची, छोटी, आणि लाख किलोमीटरचा टप्पा कधीच मागे टाकलेली. घेण्याआधी ती मानपाड्याच्या एका गॅरेजला दाखवली. गॅरेजवाले तिथलेच जुने रहिवासी, पूर्वी भातशेती होती, आता त्या जमिनीवर इमारती उभ्या आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर यांचं गॅरेज. पैशांसाठी ते गॅरेज चालवत नाहीत हे उघड दिसतं. बोलायला माणसं मिळावीत म्हणून चालवतात. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं आणि आम्हाला प्रवचन ऐकवलं.

"ताई, लोकं येतात ती इंजिन बघतात. इंजिन लोखंडाचा हाय, त्याला तेल-पानी घातलात तर कायपन व्हत नाय. जुन्या गारीत पयला जातो तो रबर. पाईप, पट्टे, बुश, टायर, दाराची रबरा. ती किलोमीटरनी पन जातात नि वयानी पन जातात. आनि एक सांगतो, लाखापुढची गारी म्हंजे रुसलेला जावई. काय ना काय मागत रहानारच. देत रहायचा."

"आणि नाही दिलं तर?" मी विचारलं.

"मग जावई मुलीला घेऊन रस्त्यात बसतो," ते म्हणाले.

पहिल्या वर्षात जावयाने भरपूर मागितलं. आधी क्लच गेला. चढावर गाडी नुसती ओरडायची, पुढे जायची नाही. मग खड्ड्यातून जाताना पुढून खडखड यायला लागली, तिथले बुश बदलले. मग एकदा पुलावरच तापमानाचा काटा लालकडे गेला आणि बॉनेटमधून वाफ आली, कारण पाणी नेणारा एक पाईप म्हातारा होऊन फाटला होता. गॅरेजवाल्यांनी तो मला दाखवला. बोटाने दाबला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा तुटत होता. नवरा दर वेळी "मी सांगितलेलं" असा चेहरा करायचा, पण तोंडाने काही बोलायचा नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर तेवढं शहाणपण येतं माणसाला.

मला मात्र या सगळ्याची भीती वाटेनाशी झाली. काय काय बिघडणार हे आधी माहीत असेल तर बिघाड पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊन जातो. बाबा तर खुलले होते. इंजिनचं तेल वेळेच्या आधी बदलायचं, टायरची हवा बघायची, पेट्रोल भरताना खाली वाकून कुठे ठिबकत नाही ना ते पाहायचं. मला सकाळी ऑफिसला सोडायचे, मग इस्टेटमधल्या जुन्या टपरीवर त्यांच्या वेळची जी दोन-चार माणसं अजून कामावर आहेत त्यांच्याबरोबर चहा प्यायचे, घरी जायचे आणि संध्याकाळी मला न्यायला परत यायचे. गाडीत बसताना चपला काढायचे आणि अनवाणी चालवायचे. वर्कशॉपमध्ये लेथसमोर म्हणे ते लाकडी फळीवर अनवाणीच उभे राहत. सेफ्टीचे बूट घालायला सांगून सांगून साहेब थकला.

लेथची आणखी एक सवय त्यांनी गाडीवर आणली होती. वर्कशॉपमध्ये सकाळी मशीन चालू करायच्या आधी जो तो आपल्या मशीनला एक फूल वाहायचा. बाबा म्हणतात, फूल वाहिल्याशिवाय बटण दाबलं तर हात थरथरायचा. गाडी आली त्या दिवसापासून ते सोसायटीच्या आवारातलं एक जास्वंद किंवा तगर तोडत, बॉनेटवर काचेजवळ ठेवत, क्षणभर हात जोडत आणि मग किल्ली फिरवत. मी आत बसून घड्याळ बघत असायची. उशीर होत असेल तर मी म्हणायची, "बाबा, आज देवाला माझ्याकडून सॉरी सांगा." ते न ऐकल्यासारखं करत.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एके सकाळी गाडीने सेल्फच मारला नाही. नुसता टक असा आवाज, आणि संपलं. बॅटरी पार गळालेली. सोसायटीचा वॉचमन बाबांना म्हणाला, "काका, रात्री गाडीची पार्किंग लाईट चालू राहिली होती. मला वाटलं, तुम्ही येताय परत."

बाबा म्हणाले, "मी बंद केलेली."

"पण चालू होती ना," वॉचमन म्हणाला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. लाईट चालू होतीच.

एकदा झालं असतं तर कोणी लक्ष दिलं नसतं. पण आठवड्याभरात पुन्हा तेच. मग एक दिवस गाडीची चारही दारं सकाळी उघडी, म्हणजे लॉक नसलेली. मग पुन्हा लाईट. गॅरेजवाल्यांनी बॅटरी तपासली, म्हणाले जुनी झाली, बदला. बदलली. नवी बॅटरीही तशीच सकाळी मेलेली. मग त्यांनी बॅटरी चार्ज करणारा भाग बघितला, तो ठीक होता. शेवटी ते कान खाजवत म्हणाले, "गारीत तर काय दिसत नाय. लाईट कोन चालू ठेवतो तेवरा बघा."

लाईट कोण चालू ठेवतो, याचं उत्तर घरात सगळ्यांना माहीत होतं. गाडी एकटे बाबाच चालवत होते.

इथे बाबांच्या थोरल्या भावाबद्दल सांगायला हवं. ते कल्याणला राहतात. बाबांहून थोडेच मोठे. हुशार माणूस, पोस्टात होते, शेकडो माणसांचे पत्ते पाठ. त्यांचं विसरणं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस चालू राहिला, मग नळ, मग दाराला कुलूप लावायचं राहिलं. घरातल्यांनी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस ते भाजी आणायला गेले आणि घर कुठे आहे ते त्यांना सापडेना. आता ते माणसं ओळखत नाहीत. त्यामुळे 'लाईट चालू राहिली' हे वाक्य आमच्या घरात साधं वाक्य नव्हतं.

नवऱ्याने मला स्वयंपाकघरात गाठलं. "काकांचं असंच सुरू झालेलं," तो म्हणाला. आवाज खाली, पण चेहरा पांढरा पडलेला. त्याने मोबाईलवर काय काय बघून ठेवलं होतं. विसरण्याची दहा लक्षणं, घरात असं माणूस असेल तर काय करावं, रक्तात हे असतं की नाही. मी म्हणाले, "अरे, माणूस लाईट विसरू शकतो. मी रोज काहीतरी विसरते."

"तू गाडी चालवत नाहीस," तो म्हणाला. "उद्या ब्रेक दाबायचा विसरले तर? पुलावर? तू शेजारी बसलेली असतेस."

मला राग आला. त्याच्यावर नाही, त्याच्या म्हणण्यात दम होता त्याचा राग आला. बाबा परवा साखरेच्या डब्यात मीठ ओतताना थांबले होते, हे मला त्याच क्षणी आठवलं. तसं मी स्वतः दोनदा खरोखरच ओतलंय. पण एकदा संशय मनात शिरला की माणसाची प्रत्येक हालचाल पुरावा होऊन बसते. बाबांनी चष्मा शोधला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. बाबा एखादं नाव आठवायला थांबले की मीच घाईने ते सांगून टाकायची. आणि ते तर आयुष्यभर नावं विसरत आलेत. माझ्या माहेरच्यांपैकी कुणाचंही नाव त्यांनी धड घेतलेलं नाही.

बाबा काही बोलले नाहीत. हेच वाईट होतं. एरवी त्यांना कुणी चूक म्हटलं तर दिवसभर वाद घालणारा माणूस. पहिल्या वेळी ते "मी बंद केलेली" म्हणाले, दुसऱ्या वेळी "केलेली वाटतं" म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी काहीच म्हणाले नाहीत. संध्याकाळी गाडी लावल्यावर ते लाईटचं बटण हाताने चाचपायचे, उतरायचे, लॉक करायचे, दार ओढून बघायचे, पुढे जाऊन दिवे बघायचे आणि जिन्यापर्यंत येऊन परत मागे फिरायचे. मी वर गॅलरीतून बघायची. एकदा तर त्यांनी दाराच्या हँडलवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले, जणू हाताला विचारत होते की अरे, तू तरी बघितलंस ना. मला तेव्हा खाली जाऊन त्यांना घट्ट धरावंसं वाटलं. पण सून आहे, गेले नाही.

एवढं करूनही पुढच्या सकाळी लाईट चालू असायची.

मग त्यांनी किल्ली माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. "तू ठेव," म्हणाले. "मी काही आता चालवत नाही." कारण विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही, कारण लगेच पेपर उघडला. फूल वाहणंही थांबलं. नवऱ्याने त्या रविवारी गॅरेजवाल्यांना फोन करून सांगितलं, गिऱ्हाईक असेल तर बघा, गाडी विकायची. त्यांनी शनिवारी घेऊन या म्हणून सांगितलं. नवऱ्याला शनिवारी ऑफिस. म्हणजे गाडी मानपाड्याला मला न्यायची होती.

माझ्याकडे लायसन्स आहे. लायसन्स असणं आणि गाडी चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पूर्ण डोंबिवली शनिवारी सकाळी मान्य करेल. मी बाबांना म्हणाले, "मी एकटी नाही जाणार. तुम्ही शेजारी बसा आणि ओरडा." त्यांना यायचं नव्हतं. पण मी पहिल्या गिअरमध्ये गाडी गेटच्या खांबाकडे नेली तेव्हा ते धावत आले.

त्यांनी सवयीने चपला काढल्या, पण या वेळी शेजारच्या सीटवर. एवढ्या दिवसांत ते त्या सीटवर कधी बसलेच नव्हते. ती माझी जागा, आणि मी कायम ऑफिसच्या बंद बुटांत. गाडीत अलीकडे कुबट वास यायचा, पण जुनी गाडी म्हटल्यावर वास यायचाच, असं मी धरून चालले होते. मॅटवर कधी ओल दिसली तर माझी पाण्याची बाटली गळते म्हणून दोनदा बाटली बदलली होती.

रेल्वेवरचा कोपरचा पूल पूर्वेला उतरता उतरता बाबा म्हणाले, "अगं, इथे पाणी आहे."

"बाटली असेल."

"बाटलीचं नाही. मॅटच्या खाली आहे. पाय दाबला की वर येतंय." आणि मग बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो आवाज आला, वर्कशॉपमधला, हुकूम सोडणारा. "गाडी बाजूला घे."

मी घेतली, म्हणजे एका रिक्षावाल्याच्या शिव्या खात घेतली. बाबांनी मॅट उचललं. खालची जाजमासारखी गादी पिळून निघेल इतकी ओली. त्यांनी हात आत घालून वरवर चाचपत नेला, डॅशबोर्डच्या खालपर्यंत. बोटं ओली बाहेर आली. "वरून येतंय," ते म्हणाले. पुढच्या पूर्ण रस्त्यात ते मला एकदाही ओरडले नाहीत, यावरून त्यांचं डोकं कुठे होतं ते मला कळलं.

गॅरेजवर गिऱ्हाईक यायचं होतं, ते अजून आलं नव्हतं. गॅरेजवाले म्हणाले, "एसीचा पानी असेल, त्याचा पाईप चोंदतो." बाबा म्हणाले, एसी आठ दिवसांत कुणी लावलेलाच नाही. "मग धुवायचा पानी," गॅरेजवाले म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले. आमच्या सोसायटीत रोज रात्री उशिरा एक माणूस सगळ्यांच्या गाड्या धुतो, बादलीने काचेवर पाणी मारतो. ते पाणी काचेखाली वायपरजवळ जी काळी जाळी असते तिच्यातून आत जातं आणि दोन बाजूंच्या नळ्यांतून खाली रस्त्यावर पडतं. पडायला पाहिजे.

त्यांनी वायपर काढले, जाळीचे खिळे काढले आणि जाळी उचलली.

आत फुलं होती. म्हणजे जी फुलं होती त्यांचं जे झालं होतं ते. वरच्या थरात तगरीच्या सुकलेल्या पाकळ्या अजून ओळखू येत होत्या. त्याखाली जास्वंदीचा लाल-काळा चिखल, झेंडूचे देठ, दसऱ्याच्या आपट्याची पानं, आणि सगळ्यात खाली कुजून काळी माती झालेली. दोन्ही नळ्या बुजलेल्या. त्या मातीत एक कोंब उगवून आला होता, कशाचा ते कळेना. गॅरेजवाले बघतच राहिले. "काका," ते म्हणाले, "गारीत बाग केलीत काय?"

लेथवर ठेवलेलं फूल संध्याकाळी लोखंडाच्या किसाबरोबर झाडून निघायचं. गाडीवर ठेवलेलं फूल गाडी पुलावर गेली की वाऱ्याने मागे सरकायचं, जाळीत शिरायचं आणि तिथेच राहायचं. हे बाबांच्या लक्षात आलं नाही, माझ्या नाही, कुणाच्याच नाही. रोजचं एक फूल. त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता.

गॅरेजवाल्यांनी आत हात घातला आणि रबराची एक गोल चकती बाहेर काढली. ज्या भोकातून वायरी इंजिनाकडून आत केबिनमध्ये जातात त्या भोकाची ती चकती. वयाने कडक होऊन तडकलेली. साचलेलं पाणी तिथून आत उतरत होतं आणि थेट फ्यूजच्या डब्यावर ठिबकत होतं. "आता बघा," म्हणून त्यांनी मगभर पाणी काचेवर ओतलं. नळ्या अजून बुजलेल्याच होत्या. आम्ही उभे राहिलो. किल्ली माझ्या मुठीत. गाडीत कोणी नाही. थोडा वेळ काही झालं नाही. मग दारांनी एकदम खट्ट केलं आणि लॉक आपोआप उघडलं. आणखी थोड्या वेळाने पुढचे दोन छोटे दिवे पेटले.

मी ओरडलेच. गॅरेजमधली सगळी माणसं बघायला आली. मी त्या दिव्यांकडे बोट दाखवून "चालू झाले, चालू झाले" म्हणत होते, जणू मला लॉटरी लागली होती. आयुष्यात गाडी बिघडलेली बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. बाबा दिव्यांकडे बघत पुढे आले. त्यांनी माझ्या हातातून किल्ली घेतली, गाडी लॉक केली. ती पुन्हा उघडली. पुन्हा लॉक केली. ती पुन्हा उघडली. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं, आणि दर वेळी गाडीने त्यांचं ऐकलं नाही की त्यांचा चेहरा थोडा थोडा सैल होत गेला.

ज्या गिऱ्हाइकाला गाडी दाखवायची होती ते तेवढ्यात आलं. बाबा त्याला म्हणाले, "विकायची नाही." मला विचारलंही नाही.

दुपारपर्यंत गॅरेजवाल्यांनी नळ्या मोकळ्या केल्या, रबर बदललं, फ्यूजचा डबा वाळवून त्यातल्या गंजलेल्या पिना साफ केल्या. गादी उन्हात टाकली. आणि पैसे घेताना बाबांना म्हणाले, "काका, देवाला फूल वहा, पन आतमधी. बॉनेटवर नको." येताना गाडी बाबांनी चालवली. मी माझ्या जागेवर बसले, गादी नसलेल्या पत्र्यावर पाय ठेवून, आणि सगळ्या रस्त्यात बडबड करत होते. काय बोलले ते आठवत नाही. इतकं हलकं वाटत होतं की तोंड बंद होईना.

संध्याकाळी नवरा आल्यावर मीच त्याला दारात सगळं सांगितलं. तो बूट न काढता खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसत राहिला. मग हसायला लागला. "म्हणजे नुसतं पाणी होतं," तो परत परत म्हणत होता. जेवायला बसल्यावरही त्याचं तेच. "बाबा, नुसतं पाणी हो. आणि आम्ही काय काय समजून बसलेलो."

बाबांनी घास खाली ठेवला. "गाडी जुनी," ते म्हणाले, "तर तुम्ही तिची बॅटरी बघितली, वायरी बघितल्या, गॅरेजला तीनदा नेलीत. माझ्या बाबतीत मात्र मोबाईल बघितलात आणि झालं."

नवरा ताटातला भात कालवत राहिला.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "तुम्हाला काय बोलायचं. मलाच पटलेलं." त्यांनी वरणात बोट फिरवलं. "परवा तुम्ही दोघं कामावर होतात तेव्हा मी कल्याणला जाऊन आलो. दादाकडे. तो म्हणाला, तुम्ही कोण? मी म्हटलं, तुझा भाऊ. तो म्हणाला, बसा. मग मी बसलो. दुपारभर बसलो. तो कसा उठतो, कसा जेवतो, काय विचारतो, कपडे कोण घालतं, सगळं नीट बघितलं. म्हटलं, बघून ठेवावं. पुढे आपल्याला लागणार आहे."

नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते पुसलं नाही. हात उष्टा होता, आणि डावा हात त्याने बाबांच्या गुडघ्यावर ठेवला होता.

"आता नाही ना लागणार," मी म्हणाले.

"आत्ता तरी नाही," बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदा मनापासून हसले. "भात वाढ जरा."

मी वाढला. मग ते दादांबद्दल बोलायला लागले, लहानपणच्या गोष्टी, कोकणातल्या घरापासूनच्या, आम्ही कधी न ऐकलेल्या. आमचे हात वाळून गेले तरी ताटावरून कुणी उठलं नाही.